शिवलेली ओढणी

रुफिनाच्या घरात दोन बायका राहत होत्या. एक ती स्वतः आणि दुसरी व्याकुळ माता. माता म्हणजे ख्रिस्ताच्या आईची मूर्ती, लाकडाची, माणसाच्या उंचीची, काचेच्या डोळ्यांची. रुफिनाच्या सासूच्या सासूपासून ती या घरात होती. गावाला वाटे, आपली आई रुफिनाच्या घरी राहायला आहे, एवढंच. तिचे कपडे धुणं, केस विंचरणं, गुड फ्रायडेला तिला काळं नेसवून मिरवणुकीत काढणं ही सगळी कामं रुफिनाची. नवरा वारल्यावर आणि मुलगा जुनरे दिवस दिवस समुद्रावर असल्यानं रुफिना त्या मूर्तीशीच बोलत बसे. "बाई, आज तुला घाम किती आलाय," असं म्हणून दमट हवेत तिचं तोंड पुसायची.

एका नाताळात जुनरे गेला. मी त्या वेळी बहिणीकडे इलोइलो शहरात होते. म्हणून हे सगळं मी ऐकलेलं आहे. पुढचं मात्र डोळ्यांनी पाहिलं.

नाताळाच्या आदल्या पहाटे शेवटची पहाटमिसा झाली. चर्चसमोर तांदळाच्या गोड, गरम बिबिंका विकायला बसलेल्या बायकांकडून जुनरेनं दोन घेतल्या, एक आईसाठी. आई चर्चमध्ये मेणबत्त्यांचं मेण खरवडत मागे थांबली होती. तो पुढं निघाला. बाजाराच्या वळणावर एक पिकअप गाडी भरधाव आली आणि त्याला उडवून गेली.

रुफिना धावत पोचली तेव्हा त्याच्यात जीव होता. वर इल्डा शिंपिणीच्या खिडकीत ताऱ्याचा मोठा आकाशकंदील लागलेला होता, उघडझाप करणारा. त्याच्या उजेडात मुलाच्या कपाळावरचं रक्त एकदा तांबडं दिसे, एकदा हिरवं. इल्डा दारात उभी राहून ऊर बडवत होती, "अगं एरविन! कापितानचा एरविन! थांबला, खाली वाकून बघितलं आणि निघून गेला मेला!" पलीकडे बेकरीच्या दारात प्लासिदो उभा होता, हात पिठानं भरलेले. तो जुनरेचा धर्मबाप.

कापितान दोरो म्हणजे आमच्या वस्तीचा प्रमुख. एरविन त्याचा मुलगा. त्याच दिवशी कापितान घरोघर फिरला. धमकी दिली म्हणावं तर तसंही नाही. प्रत्येकाकडे बसला, पाणी प्याला, पोराबाळांची चौकशी केली, आणि उठताना म्हणाला, "आज पहाटे वीज गेली होती, नाही का? काय दिसणार माणसाला त्या अंधारात."

संध्याकाळी पोलीस आले तेव्हा सगळी आळी एका सुरात बोलली. वीज गेली होती. अंधार होता. गाडी आली, गेली. कोणाची, कुणास ठाऊक.

रुफिना इल्डाच्या दारात गेली. "तू नाव घेतलंस. माझ्या कानांनी ऐकलं."

इल्डानं मान वर केली नाही. वयानं थोर बाईला आमच्याकडे नांग म्हणतात. "नांग रुफिना, मी घाबरले होते. काहीतरीच बोलले. अंधार होता."

"तुझा कंदील पेटलेला होता. त्याचा उजेड माझ्या पोराच्या तोंडावर होता."

"अंधार होता," इल्डा म्हणाली, आणि शिवणयंत्राचं चाक फिरवू लागली. सुईत दोरा नव्हता.

प्लासिदोकडे ती गेली नाही. त्याच्याकडे जावं लागेल असं तिला वाटलंच नव्हतं. तो आपणहून येईल म्हणून ती वाट पाहत राहिली. तो आला, पण अंत्ययात्रेत खांदा द्यायला. पोलिसांच्या कागदावर त्याचीही सही होती.

पोलिसांनी रुफिनाला समजावलं, "आईचं मन असतं, मावशी. आईला उजेडच दिसतो."

त्यानंतर रुफिना रडली नाही. निदान कुणी पाहिलं नाही. बाजारात यायची, मासळी घ्यायची, कुणी विचारलं तर उत्तर द्यायची. इल्डा समोर आली तर "बरी आहेस ना?" म्हणून विचारायची. लोकांना हायसं वाटलं. बाई सावरली, म्हणाले. मला मात्र तिचं ते बरं विचारणं ऐकून अंगावर काटा यायचा. तवा तापलाय हे दिसत नाही, हात ठेवल्यावरच कळतं, तसं काहीतरी त्यात होतं.

चाळीस दिवसांचा उपास लागला आणि कापितान तिच्या दारी आला. त्या वर्षीच्या ईस्टरचं यजमानपद त्यानं घेतलं होतं. जेवण त्याचं, ढोल त्याचे, फटाके त्याचे. देवासमोर एकदा मोठा खर्च केला की माणसांची तोंडं आपोआप बंद होतात, हे त्याला माहीत होतं.

ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे भेट असते. गावाच्या एका टोकाकडून पुरुष उठलेल्या ख्रिस्ताची मूर्ती घेऊन निघतात, दुसऱ्या टोकाकडून बायका काळी ओढणी घातलेल्या मातेला घेऊन निघतात. चौकात बांबूची उंच कमान असते. आई आणि मुलगा तिच्याखाली समोरासमोर येतात. वरून पंख लावलेली एक लहान मुलगी दोरानं खाली सोडतात. ती गाते, "स्वर्गाच्या राणी, आनंद कर," आणि आईच्या डोक्यावरची काळी ओढणी उचलते. तेवढ्यात उजाडतं. घंटा, ढोल, फटाके, रडारड, हसणं, सगळं एकदम. ओढणी अडकली तर ते वर्ष वाईट जातं, मासळी किनारा सोडते, असं जुनी माणसं सांगतात.

"रुफिना," कापितान म्हणाला, "यंदा देवदूत माझी नात होणार. जेलिन. एरविनची." नाव घेताना त्यानं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "तुझी हरकत नाही ना?"

"पोरीचा आवाज गोड आहे," रुफिना म्हणाली. "ओढणी मी तयार ठेवते."

कापितान खूश होऊन गेला. लोकांत म्हणाला, "पाहिलंत? माफ केलं तिनं. याला म्हणतात श्रद्धा."

पवित्र शनिवारी दुपारी रुफिनानं दार लावून घेतलं. जुनरेच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा काढला, जाड सुई घेतली आणि मातेची काळी ओढणी तिच्या झग्याला, झगा आतल्या अस्तराला, अस्तर लाकडावर ताणलेल्या कापडाला असं घट्ट शिवत गेली. कडेनं, खांद्यांवरून, गळ्याखालून. दात लावून गाठी मारल्या. शेजारीण सांगते, आतून बोलण्याचा आवाज येत होता. "सोस थोडं. तुलाही मुलगा होता. तुलाही ठाऊक आहे. सोस, बाई."

पहाटे आम्ही बायका मातेला घेऊन निघालो. प्रत्येकीच्या हातात मेणबत्ती. रुफिना पालखीच्या अगदी जवळ. चौकात पोचलो तेव्हा समोरून पुरुष आले, तेही मेणबत्त्या घेऊन. ख्रिस्ताची पालखी खांद्यावर घेतलेल्यांत एरविन होता. पांढरा सदरा, केस चोपून बसवलेले. प्लासिदो बाजूला मेणबत्ती घेऊन चालत होता.

आई आणि मुलगा समोरासमोर आले. पालख्या खाली टेकवल्या. दोर सोडला आणि जेलिन खाली आली, पांढरे पंख, डोक्यावर कागदी फुलांचा मुकुट. खरंच गोड गायली. मग वाकून दोन्ही हातांनी ओढणी धरली आणि ओढली.

ओढणी आली नाही.

पोरीनं पुन्हा ओढलं. दोर हलला, ती हवेत गरकन फिरली. कुणीतरी खालून म्हणालं, "टोकाला धर, पोरी, टोकाला!" तिनं टोकाला धरलं. जोरानं हिसका दिला. मातेची मूर्ती पुढे झुकली, बायका किंचाळल्या, चौघींनी तिला सावरलं. ओढणी जागच्या जागी.

"अडकली!" म्हाताऱ्या छातीवर क्रूस काढू लागल्या. ढोलवाले हात वर धरून तसेच थांबले.

रुफिना पालखीच्या पुढे येऊन उभी राहिली.

"अडकली नाही," ती म्हणाली. "मी शिवलीय."

फादर नेस्तोर पुढे आले. तरुण होते, आमच्याकडे येऊन फार काळ झाला नव्हता. "नांग रुफिना, हे काय करताय? आज उजेडाचा दिवस आहे."

"कुठला उजेड, फादर? या गावात उजेड नाही. या सगळ्यांनी पोलिसांना लिहून दिलंय." ती गर्दीकडे वळली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "माझा जुनरे मेला तेव्हा अंधार होता, असं तुम्ही सांगितलंत. मग आज या मेणबत्त्या कशाला? ज्यानं ज्यानं अंधार होता म्हणून सांगितलं, त्यानं आपली मेणबत्ती विझवावी. आणि उजेड होता असं ज्याला म्हणायचंय त्यानं मेणबत्ती घेऊन इथं, ख्रिस्तासमोर यावं आणि बोलावं. तोवर ही आई तोंड दाखवणार नाही."

कुणी हललं नाही. वाऱ्यानं ज्योती आडव्या होत होत्या, मेण बोटांवर पडत होतं, तरी हात कुणी झटकला नाही.

कापितान दोरो पुढे आला. रागानं त्याचं तोंड सुजल्यासारखं झालं होतं. त्यानं स्वतःची मेणबत्ती तिच्या तोंडासमोर धरली आणि फुंकली. "अंधार होता. झालं समाधान? आता ओढणी सोड. कात्री आणा रे कुणीतरी!"

त्याच्यामागून एक मेणबत्ती विझली. मग दुसरी. मग बाजारआळीची माणसं एकामागून एक. माझ्या शेजारी इल्डा उभी होती. तिनं डोळे मिटून फुंकर मारली. धुराचा वास पसरला. चौकाचा तेवढा भाग काळा पडला, आकाश अजून पांढरं झालं नव्हतं.

रुफिना एकेकाच्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला. हो, आनंदच. इतके दिवस जे एकटीला माहीत होतं, ते आज उघड्यावर मांडलं गेलं होतं. ज्यांना खोटं बोलायचं होतं, त्यांना देवाच्या तोंडावर, हातानं, फुंकर मारून बोलावं लागलं होतं.

"पारे," ती म्हणाली. मुलाच्या धर्मबापाला आमच्याकडे अशीच हाक मारतात.

प्लासिदोची मेणबत्ती अजून जळत होती. तो ती विझवतही नव्हता, पुढेही येत नव्हता.

"जुनरेच्या बाप्तिस्म्याला फादरनी मोठ्या मेणबत्तीवरून ज्योत घेऊन तुझ्या हातात दिली होती. ख्रिस्ताचा उजेड घ्या, म्हणाले. घेतो, म्हणालास तू. तुझा हात भाजला होता आणि आपण हसलो होतो. आठवतं? सांग पारे. अंधार होता?"

"प्लासिदो," कापितान म्हणाला, "तोंड सांभाळ."

बेकरीवाला दोन पावलं पुढे आला आणि थांबला. मग एकदम, जसं कुणी मागून ढकललं, तसा चालत येऊन ख्रिस्ताच्या पालखीसमोर उभा राहिला.

"उजेड होता," तो म्हणाला. "सगळ्या आळीत उजेड होता. माझा रेडिओ चालू होता. गाडी एरविनची होती. तो उतरला, जुनरेकडे बघितलं, जुनरेनं त्याच्याकडे हात केला. मग तो गाडीत बसला आणि गेला. मी दारात उभा होतो. मी..." गुडघे टेकून तो रुफिनाच्या पायाशी बसला.

"ऊठ," ती म्हणाली. "मला तुझे गुडघे नकोत. तोंड हवंय. हेच पोलिसांसमोर बोलशील?"

"बोलेन."

इल्डा माझ्या शेजारून निघाली. विझलेली मेणबत्ती हातात तशीच. "माझा कंदील पेटलेला होता," ती रडत म्हणाली. "नांग, मीच नाव घेतलं होतं. मी पण बोलेन."

"तुला उशीर झाला," रुफिना म्हणाली. "तुझी विझलीय."

"तरी बोलेन," इल्डा म्हणाली. तिथून हलली नाही.

एरविन पालखीच्या दांड्याला हात लावून उभा होता. आजूबाजूचे पुरुष नकळत त्याच्यापासून सरकले होते. तो म्हणाला, "मला तो दिसलाच नाही. वळण होतं. दिसला नाही मला."

"दिसला नाही," रुफिना म्हणाली. "मग खाली उतरून काय बघितलंस?"

एरविन जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. बंदोबस्ताला आलेला हवालदार कापितानकडे बघत होता. कापितान दुसरीकडे बघत होता. शेवटी हवालदारानं एरविनच्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हा कुठे आमचं वर लक्ष गेलं. जेलिन. सगळा वेळ पोर दोराला लटकत होती. दोर धरणारे दोघे खाली काय चाललंय ते बघण्यात गुंग. तिचा मुकुट गळून पडला होता, पांढरा झगा ओला झाला होता, आणि ती आवाज न काढता रडत होती, नुसते खांदे हलत होते. तिची आई मर्लिंडा कमानीच्या बांबूवर मुठी आपटत ओरडत होती, "खाली सोडा तिला! अरे सोडा!" तिचा आवाज आम्हाला इतका वेळ ऐकू कसा आला नाही?

पोरीला उतरवलं. तिचा बाप तिच्यासमोरून हवालदाराबरोबर गेला.

उजाडलं होतं. फादर नेस्तोरांनी कात्री आणली. "नांग रुफिना, आता उसवा. झालं तुमच्या मनासारखं."

"नाही," ती म्हणाली. "निकाल लागल्यावर."

त्या वर्षी ख्रिस्त पुढे आणि काळ्या ओढणीतली आई मागे, अशा पालख्या चर्चमध्ये गेल्या. घंटा वाजल्या, पण ढोल वाजले नाहीत. यजमानाच्या घरची भाजलेली डुकरं, भात, नूडल्स तसेच राहिले. कुत्र्यांनी खाल्ले.

वर्ष वाईट जाईल म्हणून सगळे भ्यायले होते. तसं काही झालं नाही. मासळी नेहमीसारखी आली. फक्त कापितान दोरो पुढची निवडणूक हरला आणि मुलीकडे मनिलाला राहायला गेला.

खटला चालला. प्लासिदो बोलला, इल्डा बोलली. त्यांच्यामागून आणखी काही जण बोलले. एरविनला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी रुफिना कोर्टातून घरी आली, वाळवलेली मासळी तळली, ताट भरून भात घेतला आणि पोटभर जेवली. मी तिच्याबरोबर होते. मी माझं ताट बाजूला सरकवलं. ती म्हणाली, "खा. मी किती महिन्यांनी जेवतेय माहितीय?" मग उठून हात धुतले, कात्री घेतली आणि मातेची ओढणी टाका टाका उसवली. दुपारची वेळ, गाणं नाही, काही नाही. मातेचं तोंड तसंच होतं, काचेचे डोळे आणि गालावरचा रंगवलेला अश्रू. रुफिना तिच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी वेगळं दिसेल असं वाटलं असावं.

काही दिवसांनी मी रुफिनाकडे बसले असताना मर्लिंडा आली. आत आली नाही, पायरीपाशीच उभी राहिली.

"माझा नवरा तुमचा गुन्हेगार होता," ती म्हणाली. "त्याची बाजू घ्यायला मी आलेली नाही. पण जेलिन झोपेत किंचाळते. उंच खुर्चीवर बसत नाही. गात तर नाहीच. माझ्या पोरीनं तुमचं काय केलं होतं?"

"काही नाही," रुफिना म्हणाली.

"मग?"

"तीच हाताशी होती," रुफिना म्हणाली.

मर्लिंडानं तिच्याकडे असं पाहिलं की मी मान फिरवली. मग ती निघून गेली.

त्या आठवड्यात रुफिना पापनिवेदनाला गेली. जुनरे गेल्यापासून पहिल्यांदा. तिथं काय झालं ते तिनंच मला सांगितलं, घरी येताना, रस्त्यातच, कुणी ऐकलं तरी चालेल अशा आवाजात.

"फादरना म्हटलं, पोरीला मी लटकवलं. ते पाप आहे. माहीत असून केलं. कोण वर येणार ते मला ठाऊक होतं आणि मला बरं वाटलं होतं. त्याचं मला वाईट वाटतं."

"आणि बाकीचं?"

"फादरनीही हेच विचारलं. एरविनचं? गावाचं? सणाच्या दिवशी सगळ्यांना अंधारात उभं केलंत त्याचं? मी म्हटलं, त्याचं नाही वाटत. पुन्हा वेळ आली तर पुन्हा शिवीन. फक्त देवदूत दुसरा मागीन."

"मग क्षमा दिली त्यांनी?"

"म्हणाले, अर्ध्याची क्षमा देता येत नाही, नांग रुफिना. मी म्हटलं, मग अख्खी राहू द्या. खोटं सांगून घेतलेली मला नको. गावानं खोटं सांगितलं तेवढं पुरे." ती थोडं चालली. "मग ते म्हणाले, क्षमा राहू दे, पण पोरीचं जे बिघडवलंत ते दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागत नाही."

रविवारी मी तिला मर्लिंडाच्या फाटकाशी पाहिलं. दाराची कडी तिनं वाजवली. आतून पडदा हलला, दार उघडलं नाही. रुफिनानं हाक मारली नाही, काही ठेवलंही नाही. ऊन चढेपर्यंत तिथं उभी राहिली आणि मग घरी गेली. त्यानंतरच्या रविवारी परत तिथंच होती. पडदा हलायचाही बंद झालाय, तरी जाते.